वाटाड्याची भाषा

वाटाड्या सोबत घेऊन रानात चालायला जाणे ही पाथर्डीच्या माणसाला अंमळ चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे. आमच्याकडे चालणे असते ते मढीला कानिफनाथांच्या यात्रेला, नवरात्रात मोहट्याच्या देवीला, गर्भगिरीतून वृद्धेश्वराला, नाहीतर जनावरांमागे. तालुक्यात राष्ट्रीय उद्यान नाही. ताडोब्याला, म्हणजे १९५५ साली घोषित झालेल्या राज्यातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात, वाटाड्या भेटतो तो बहुधा गाडीत बसलेल्यांना. पायी हिंडण्यासाठी त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य. १९८० सालचे, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. बाभळी, बोरी, हिवर आणि गुडघाभर गवत.

तिथे सोबत आलेला तरुण जवळच्याच वस्तीवरचा होता. पहिला अर्धा तास तो माहितीफलकासारखा बोलत होता. पायवाटेलगत लेंड्यांचा ढीग दिसला तेव्हा म्हणाला, "नर काळवीट याद्वारे आपले क्षेत्र चिन्हांकित करतो." वाक्य निर्दोष होते, त्यात तो स्वतः मात्र कुठे नव्हता. पुढे बोलण्याच्या ओघात मी पाथर्डीचा असल्याचे त्याला कळले आणि त्याची भाषाच बदलली. तसाच दुसरा ढीग आला. "हा त्याचा उंबरा, सर. दुसरा आला की शिंगाला शिंग."

भाषा शिकवणाऱ्याला हा क्षण सहज ओलांडून जाता येत नाही. 'क्षेत्र' हा शब्द शासनाचा, सातबाऱ्याचा. 'उंबरा' म्हटले की आत-बाहेर, मान-अपमान सगळेच येते. परंतु म्हणून लोकभाषा खरी आणि पुस्तकी भाषा खोटी, असा सोपा निकाल मी देणार नाही. उंबऱ्याच्या आत घर असते. नराच्या त्या जागेत घर नसते, माद्या चरायला येतात आणि निघून जातात. रूपक जिथे अपुरे पडते तिथे पारिभाषिक शब्दच हवा. मारुती चितमपल्ली (२०२५ साली ते गेले) यांचे मोठेपण मला इथे दिसते. वनाधिकारी असूनही त्यांनी आदिवासींकडून, वनमजुरांकडून शब्द घेतले आणि 'पक्षीकोशा'सारख्या ग्रंथाचे शिस्तबद्ध कामही केले. एकासाठी दुसरे सोडले नाही.

आमच्या वर्गात मात्र ते सुटते. मेंढरांमागे हिंडलेला मुलगा निबंधात 'निसर्गरम्य परिसर' लिहितो. तरवड, कुसळ, पाणंद हे शब्द त्याला गुण कापणारे वाटतात. आणि उत्तरपत्रिका तपासणारे आपणच असतो.

परतताना त्या तरुणाला विचारले, उंबऱ्याचे इतर पाहुण्यांना का सांगत नाही? तो म्हणाला, "प्रशिक्षणात नव्हतं." मग कुंपणापलीकडच्या ज्वारीकडे हात केला. काळविटे रात्री तिकडे जातात. त्या जाण्याला त्याच्याकडे आणखी एक शब्द होता. तो त्याने हसत सांगितला आणि लगेच म्हणाला, "हा मात्र लिहू नका."