शेवटच्या फेरीचे तेल

गोमंतकातील वृद्ध माणसे बसला अजूनही 'कारेर' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचा मूळ अर्थ गाडी असा नसून ठरलेल्या मार्गावरील ठरलेली धाव असा आहे. 'कामियांव' हा दुसरा शब्दही जुन्या लोकांच्या तोंडी आहे, तो मात्र निव्वळ वाहनाचा वाचक. या दोन शब्दांतील भेद आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. वाहन मालकाचे असते. धाव ही जे तिची वाट पाहत उभे राहतात त्यांची असते. खासगी बसधंद्यातील बहुतेक साऱ्या तंट्यांचे मूळ या भेदात सापडते.

या धंद्याशी आमचा परिचय दुहेरी आहे. विद्यार्थिदशेत आम्ही अंत्रुज महालातून पणजीपर्यंत कैक वर्षे उभ्याने प्रवास केला, आणि कंडक्टरच्या 'फुडें सरात' या आज्ञेचे पालन जागा नसतानाही केले. पुढे वकिलीत शिरल्यावर बसमालकांचे परवान्यांचे अर्ज आणि अपिले आमच्या मेजावर येऊ लागली. त्यामुळे प्रवाशाचे गाऱ्हाणे आणि मालकाचा हिशेब या दोहोंस आम्ही सारखेच सरावलो आहोत.

मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि तेथील रस्ते हळूहळू सरकारी महामंडळाकडे गेले. गोव्याची वाट निराळी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा येथील प्रवासी वाहतूक खासगी मालकांच्या हाती होती आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ती तशीच राहिली. रस्त्यांच्या आड नद्या येत. जुवारीवर १९८३ साली पूल होईपर्यंत मडगावाहून पणजीस निघालेला उतारू कुठ्ठाळीस उतरे, फेरीबोटीने पलीकडे आगशीस जाई आणि तेथे पुन्हा बस गाठी. बोट चुकली की बसही चुके. पुढे १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी मोठे आंदोलन केले, आणि १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. तरीही खेडोपाडीच्या वाटांवर खासगी गाडी टिकून राहिली. आजही ती आहे.

कायद्याच्या इतिहासात या बसमालकांचे स्थान सामान्य नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना देताना जनहित पाहण्याचे बंधन घातले आणि त्याच मार्गावरील जुन्या मालकास नव्या अर्जदाराविरुद्ध हरकत घेण्याची मुभा दिली. १९५६ साली त्यात एक नवे प्रकरण घालून मार्गांच्या राष्ट्रीयीकरणाची पद्धत ठरविण्यात आली. आंध्रातील कृष्णा जिल्ह्याचे मार्ग असे ताब्यात घेण्याचे ठरले, तेव्हा मालकांच्या हरकती खात्याच्या सचिवाने ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत अमान्य केली. एकाने ऐकावे आणि दुसऱ्याने ठरवावे, हा न्याय नव्हे. १९५९ च्या निवाडासंग्रहात छापलेला हा निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. त्यामागे बसमालकांची पोटापाण्याची चिंता होती, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी राहते.

पुढे वारे फिरले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि परवान्यांची द्वारे मोकळी झाली. नव्या स्पर्धकाविरुद्ध जुन्या मालकास तक्रार करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मिथिलेश गर्ग यांच्या खटल्यात १९९१ साली स्पष्ट केले. मक्तेदारी मोडली, हे चांगलेच झाले. परंतु गर्दीच्या मार्गावर एकामागून एक गाड्या लागल्या, उतारू मिळविण्यासाठी शर्यती सुरू झाल्या, आणि आडवाटेस कोणी फिरकेना. धाव वाटली गेली, तशी तिची जबाबदारीही वाटली गेली. आणि पुष्कळांत वाटली गेलेली जबाबदारी बहुधा कोणाचीच राहत नाही.

बसचा हिशेब बाहेरून दिसतो तितका सरळ नाही. सकाळच्या फेरीत शाळकरी मुले, कचेरीतील कारकून आणि फुलांची पाटी सावरीत देवळाच्या वाटेस लागलेल्या बाया यांनी गाडी ओसंडते. दुपारी ती अर्धी असते. रात्रीच्या शेवटच्या फेरीस चार-सहा माणसे असली तर असली. म्हणजे सकाळ कमावते आणि रात्र खाते. परवाना मात्र दोहोंसाठी एकच असतो. पूर्वी सकाळची कमाई रात्रीस पुरत असे. पुढे घरोघरी दुचाकी आली आणि सकाळचाही भर ओसरला. त्यातून भाडे शासन ठरविते. डिझेल, टायर, विमा आणि बँकेचा हप्ता यांचे दर मालकास विचारून ठरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी दोघा भावांची एक लहानशी कंपनी आमच्याकडे आली. वडिलांनी उभी केलेली, तीन गाड्यांची. त्यांची एक गाडी रात्री साडेआठास फोंड्याहून सुटे, दूरच्या एका गावी वस्तीस राही आणि पहाटे तेथूनच पहिली फेरी काढी. ती रात्रीची फेरी परवान्यातून वगळावी, असा अर्ज त्यांना करावयाचा होता. थोरल्या भावाने जमाखर्चाची वही पुढे ठेवली. तीत लबाडी नव्हती, तोटा होता. आम्ही अर्ज लिहिला आणि तो मंजूर झाला. अशिलाची न्याय्य बाजू मांडणे हा आमचा धर्म होय, आणि त्याविषयी आम्हांस खंत नाही.

परंतु वस्तीची गाडी बंद होणे म्हणजे एक फेरी कमी होणे नव्हे. रात्री गाडी गावात आलीच नाही, तर पहाटे ती गावातून सुटणार कशी? शेवटची गेली की पहिलीही जाते. त्या गावची एक मुलगी फोंड्यात कापडाच्या दुकानी कामास होती. दुकान आठास बंद होई. पुढे तिचे वडील काही महिने दुचाकीवरून तिला आणावयास येत. पावसाळा आला आणि तिने नोकरी सोडली. त्या अर्जाच्या कागदांत तिचे नाव कोठेही नव्हते. कायद्याने तिला पक्षकार मानलेच नव्हते.

दिवसातून किमान किती फेऱ्या व्हाव्यात ही अट परवान्यात घालण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणास दिला आहे, आणि अट मोडल्यास परवाना रद्द करण्याचाही. म्हणजे दिवा विझविणाऱ्यास शासन आहे. दिव्यात तेल कोणी घालावे याविषयी मात्र त्या अटी मौन धरतात. आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न देवळात फार पूर्वी सोडविला होता. गाभाऱ्यात भक्त असो वा नसो, नंदादीप तेवला पाहिजे. पण ते तेल पुजाऱ्याने आपल्या पदरचे घालावे असे कोणी म्हटले नाही. त्यासाठी जमिनी लावून दिल्या, नेमणुका बांधून दिल्या. शेवटची फेरी हा गावाचा नंदादीप आहे. तो मालकाच्या उदारपणावर किती दिवस तेवावा?

शासनाने तोट्याच्या फेरीचा मोबदला किलोमीटरमागे द्यावा आणि मगच अट कठोरपणे पाळून घ्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत आपल्या देवस्थानांच्या महाजनांस व समित्यांस आमची एक विनंती आहे. पालखीच्या रात्री दर्शनास आलेली म्हातारी माणसे परतीच्या चिंतेने आरती अर्धी टाकून उठतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उत्सवपत्रिका छापण्यापूर्वी त्या मार्गावरील बसमालकास बोलावून पालखीची वेळ आणि गाडीची वेळ एकमेकींस जुळवून घ्यावी. त्या रात्रीच्या फेरीत तूट आली तर ती उत्सवाच्या खर्चात धरावी. रोषणाईच्या माळांतून दोन माळा कमी केल्या तरी हे साधण्यासारखे आहे. पत्रिकेत पालखीच्या वेळेखाली एक ओळ अधिक छापावी लागेल: परतीची गाडी अमुक वाजता.