मागितलेली गाय

मूकपटांच्या काळातील धसमुसळ्या विनोदात मुक्या प्राण्यांचा वाटा मोठा होता. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही १९१४ मध्ये ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट काढला. तो आज पाहावयास मिळत नाही. बस्टर कीटनचा १९२५ चा ‘गो वेस्ट’ मात्र टिकून आहे.

त्यातील निराधार तरुण ‘ब्राऊन आइज’ नावाच्या गाईच्या खुरातील खडा काढतो आणि ती त्याची पाठ सोडत नाही. तिला खाटिकखान्याकडे धाडतात, तेव्हा तोही त्याच आगगाडीत चढतो. अखेर मालक ‘हवे ते माग’ म्हणतो. मुलीचा हात मागेल असे वाटत असता हा पठ्ठ्या गाय मागतो!

परक्या मुलखातील प्रेक्षक येथे खळखळून हसला असेल. आम्हां बऱ्हाणपूरकर मराठी मंडळींना मात्र पोळा आठवतो. आमची शेवटची बैलजोडी वडिलांनी विकली, त्या दिवशी आजीने बैलांच्या पायांवर पाणी घातले. घरात कोणी जेवले नाही. आता पाटावर मातीचे बैल पुजतो. ‘हवे ते माग’ म्हणणारा मालक कीटनला पटात भेटला. वडिलांना तसा कोणी भेटला नाही.