कडवंचीचा ताळेबंद

संशोधन म्हणजे तळटिपांचा धंदा, असे आम्ही प्राध्यापक मंडळी समजतो. आमच्या जालना तालुक्यातल्या कडवंचीकरांनी ते चक्क शिवारात केले. 1996 साली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. अटी पाळायच्या गावानेच! माथ्यापासून पाणी अडले, विहिरी भरल्या, द्राक्षबागा आल्या. 2012 च्या दुष्काळात जालना शहर टँकरची वाट पाहत होते. इथल्या बागा शेततळ्यांवर तगल्या.

मला मात्र एक हिशेब छळतो. शेततळे पावसाऐवजी विहिरीतून भरले, तर उन्हात उडालेले पाणी कुणाच्या नावे मांडायचे? शेजाऱ्याची विहीरही त्याच झऱ्यांवर! आणि ग्रामसभेत हे विचारावे, तर समोर सगळी भावकी बसलेली.