पाच वर्षांची अपात्रता दोघांना सारखी नसते

गैरवर्तनासाठी पदावरून काढलेल्या सरपंचाला पुन्हा निवडणूक लढवू द्यावी का? काही वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर आम्ही एका दमात 'अजिबात नाही' म्हणालो असतो. तसं निवेदनही तहसीलदारांना दिलं होतं, जन्मभर बंदी घाला म्हणून.

कारण होतं एक गाव. तिथे मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी बौद्धवस्तीत पोचलाच नाही. कागदावर गटार झालं, दिवे लागले, वस्तीत अंधारच. आम्ही माहितीच्या अधिकारात बिलं काढली, पोरांनी एकेक खांब मोजून फोटो घेतले आणि तक्रार केली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३९. मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, विभागीय आयुक्त निर्णय देतात. आयुक्तांनी काढलं की कलम १४ प्रमाणे पाच वर्षं अपात्र. (शासनाने राजपत्रात आदेश काढून माफ केलं नाही तर! ही फट कुणासाठी ठेवली आहे, वाचकांनी समजून घ्यावं.)

चौकशीचा अहवाल वर गेला आणि सरपंचाने राजीनामा दिला. वस्तीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. राजीनामा म्हणजे काढणं नव्हे, हे कळलं ते पुढच्या निवडणुकीत, छाननीच्या टेबलासमोर. राजीनामा दिलेल्यालाही आयुक्त पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात, तशी तरतूद कलम ३९ मध्येच आहे. पण त्यासाठी आदेश काढावा लागतो. तो कुणी मागितलाच नव्हता. समाजशास्त्रात एम.ए. करून, कायद्याची पुस्तिका झोळीत घेऊन फिरणाऱ्या आम्हीसुद्धा नाही. अर्ज वैध ठरला.

आता दुसरं गाव. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं आणि वस्तीतली एक शेतमजूर ताई निवडून आली. उपसरपंच दाखवेल तिथे सही करायची, एवढीच गावाची अपेक्षा. ताईने स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव लावून धरला आणि न वाचता सह्या करणं बंद केलं. मग तक्रार झाली: मासिक सभा नियमित घेत नाही, दप्तर दाखवत नाही. नोटिशी लिहिणारा ग्रामसेवक, दप्तर त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. कसूर मात्र ताईची. कलम तेच, ३९. ताईला काढलं.

पहिल्या गावातल्या त्या गृहस्थाला काढलं असतं तरी त्याने बायकोला उभं केलं असतं. जमीन, ट्रॅक्टर, सोसायटी त्याच्याच हातात राहिली असती. ताईचं काय? आरक्षण फिरतं असतं. अनुसूचित जातीची, तीही महिलेची चिठ्ठी त्या गावात पुन्हा निघेपर्यंत ताई म्हातारी झालेली असेल. खुल्या जागेवर तिला मत कोण देणार? कायद्याच्या पुस्तकात दोघांना पाचच वर्षं.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारलं होतं. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, खुर्ची वस्तीत आली; पण चौकशीत जबाब देणारा गाव तोच राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या बाईला काढणं इतकं हलक्यात घेऊ नका, असं बजावलंही. पण दिल्लीपर्यंत जायला वकील लागतो, आणि वकिलाला फी.

आमचं म्हणणं आता असं आहे: दोष सिद्ध झालेला राजीनामा देऊन सुटता कामा नये, त्याची अपात्रता आपोआप लागावी. आणि पैसा खाणं व सभा चुकणं यांना एकच माप लावू नये.

हे ताईच्या ओट्यावर बसून सांगत होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या जन्मभर बंदीच्या कागदावर माझीपण सही हाय."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. शासनाकडे अपिलाला पंधरा दिवस मिळतात, आज बारावा आहे. जबाबांच्या नकला अजून हातात नाहीत. उद्या सकाळी ताईला घेऊन आम्ही जिल्हा परिषदेत जाऊन बसणार आहोत.