उलटे आटे

कला शाखेच्या मुलीने सायकलीच्या चौकटीवर लिहावे यात नवल वाटण्यासारखे काही आहे, असे मला खरोखरच वाटले नव्हते. वार्षिकासाठी विषय सांगितला तेव्हा मैत्रिणी हसल्या. एका सरांनी तर "हे विज्ञान विभागाकडे दे" असे गंभीरपणे सुचवले. पण ज्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी छर्ऱ्यांची डबी ठेवलेली असते, त्या घरातल्या मुलीला सायकल हा विज्ञानाचा विषय वाटत नाही. तो घरखर्चाचा विषय असतो.

कोडोलीहून वारणानगरला येणाऱ्या रस्त्यावर आमच्या आण्णांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. ते आजोबांनी सुरू केले. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर आसपासची गावे घड्याळ लावीत, तो काळ. पाळी सुटली की सायकलींची रांग लागे असे आण्णा सांगतात. कॅरेजच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, वर जनावरांसाठी वाड्याचा भारा आणि पुढे नळीवर बसवलेले पोर. एवढे सगळे घेऊन ती काळी सायकल शेताच्या बांधावरून जायची. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आरे असत आणि मागच्याला ४०, कारण सगळे ओझे मागे. टायर २८ बाय दीड. कंपनी कोणती का असेना, एकीचा कॉटर पिन दुसरीला चाले, एकीचे फ्रीव्हील दुसरीवर चढे. दोन पान्हे, एक हातोडी आणि ग्रीसचा डबा एवढ्या भांडवलावर आजोबांनी तीन मुलींची लग्ने केली. आपल्या वारणा बालवाद्यवृंदात वाद्ये वेगवेगळी असतात, पण सगळ्यांचा 'सा' एकच असतो. त्या सायकलींचे तसेच होते.

पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दारोदार मोटारसायकली आल्या. दुकानात आज मुख्यतः त्यांचीच पंक्चर निघतात, आणि शाळेच्या मुलांच्या रेंजर सायकली येतात. ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ती बातमी मी आण्णांना वाचून दाखवली. त्यांनी फक्त "बरं" म्हटले आणि फळीवरचे अॅटलसचे डबे पुसून परत लावून ठेवले. दादा चाकणला कंपनीत आहे. त्याचे म्हणणे, दुकानाचा भाडेकरार मार्चमध्ये संपतो, तो वाढवू नये. दादाचा हिशेब चूक आहे असे मी म्हणणार नाही.

अशात गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुकानापुढे एक विचित्र सायकल आली. आली म्हणजे मालकाने ढकलत आणली. कोल्हापूरचा तरुण होता. जोतिबाच्या डोंगरावरून पायवाटेने उतरताना जांभ्या दगडावर घसरून पडला होता. हातापेक्षा सायकलीलाच जास्त लागले होते. अशा सायकलीला ट्रेल बाइक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. टायर मनगटाएवढे जाड, पुढच्या फोर्कमध्ये दट्ट्या, मागच्या चाकालाही वेगळा दट्ट्या, आणि मागची चौकट एकसंध नसून चार ठिकाणी सांध्यावर हलणारी. किंमत विचारली. त्या पैशांत आमच्याकडे दोन दुभत्या म्हशी येतात.

मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो, ती मोडली होती. ही पट्टी मुद्दामच मऊ धातूची करतात. पडल्यावर तिने मोडावे आणि चौकट वाचावी, अशी योजना असते. योजना चांगली आहे. अडचण एवढीच की प्रत्येक चौकटीची पट्टी निराळी. "काका, काही जमेल का?" त्याने विचारले. आण्णा म्हणाले, "बगूया की. बसा जरा. च्या घ्या."

त्यांनी गिअर काढून बाजूला ठेवला, चेन तोडून लहान केली आणि मधल्या एका चाकावर सरळ ओढून जोडली. साध्या सायकलीला हे चालले असते. पण सवयीप्रमाणे त्यांनी सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि चेन तारेसारखी ताणली गेली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मग ते खाली बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी हे दृश्य विसरणार नाही. साठीच्या घरातला माणूस, अशी सायकल आयुष्यात प्रथमच पाहणारा, एका हाताने सीट दाबतो आहे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मागच्या चाकाचा आस कुठून कुठे जातो ते हवेत रेखतो आहे. "दाबलं की ह्ये चाक मागं पळतंय, सायेब," ते म्हणाले, "मग चेन कशी पुरंल?" तो तरुण चकित झाला. खड्ड्यात चाक वर उचलताना पॅडलपासून आसापर्यंतचे अंतर वाढते. गिअरचा स्प्रिंगदार हात ती वाढ एरवी भरून काढतो. गिअर काढला की ती सोय जाते. अभियंते जे आकृती काढून सांगतात ते आण्णांनी बोटाने सांगितले. मागचा दट्ट्या आखडून टाकायची एक कळ त्या सायकलीला होती. ती दाबून मागचे अंग ताठ केले, चेन बसवली आणि त्याला डांबरी रस्त्याने हळूहळू कोल्हापूरकडे लावून दिले. मोडलेल्या पट्टीचे तुकडे मात्र आण्णांनी ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे घेऊन ते कोल्हापूरला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेले. ज्या गावाने ऑइल इंजिनचे भाग ओतले आणि कातले, त्या गावात बोटाएवढी पट्टी होणार नाही असे कसे म्हणायचे? अॅल्युमिनियमच्या भंगारातून पट्टी तयार झाली. गंमत अशी की गिअर अडकवायच्या भोकाचे आटे, १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतर, जवळजवळ सगळीकडे तेच असतात. बाहेरचा आकार तेवढा कंपनीगणिक, मॉडेलगणिक बदलतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्रॅम या कंपनीने सगळ्यांना चालेल अशी एकच पट्टी काढली आणि हळूहळू बऱ्याच चौकटी तिच्याप्रमाणे बनू लागल्या. हे मी आण्णांना सांगितले तर म्हणाले, "मग एवढी वर्षं काय करत हुते?"

पट्टी बसली. तरुणाने फोनवरून कळवले तेव्हा आण्णा "बसतंय की" एवढेच बोलले; पण त्यांच्याकडचे हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र आहे. मला मात्र त्यानंतर चैन पडेना. दादाच्या हिशेबात न धरलेले काही तरी इथे आहे, असे वाटू लागले. मी या सायकलींविषयी मिळेल ते वाचत सुटले.

भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही प्रमाणभाषा आणि बोली शिकतो. प्रमाण म्हणजे सर्वांना समान असे काही तरी, अशी माझी समजूत होती. या सायकलींच्या जगात 'स्टँडर्ड' हा शब्द जवळपास उलट अर्थाने वापरतात. मागच्या चाकाचा हब पूर्वी १३५ मिलिमीटर रुंद असे, मग १४२ झाला, २०१५ च्या सुमारास १४८. प्रत्येक वेळी ते 'नवे स्टँडर्ड'. यामागे कारण नाही असे नाही. २९ इंची मोठे चाक आले, त्याचे आरे लांब झाले, चाक आडवे लवू लागले. तंबूच्या दोऱ्या जितक्या लांब रोवाव्यात तितका तंबू घट्ट, त्याप्रमाणे आऱ्यांची मुळे हबवर दूर दूर नेली. पण १४८ चा हब जुन्या चौकटीत शिरत नाही. सीटखालचा दांडा २७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ अशा मापांचा. ब्रेकची चकती कुणाची सहा बोल्टवर, कुणाची एका मोठ्या नटावर. ही प्रमाणभाषा नव्हे. या दर दहा कोसांवर बदलणाऱ्या बोली आहेत. फरक इतकाच की बोली माणसे बोलता बोलता बदलतात, आणि ही मापे कंपन्या ठरवून बदलतात.

सगळ्यात मजेदार गोष्ट बी.बी.ची, म्हणजे पॅडलचे क्रँक जिथे फिरतात त्या सांध्याची. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या, मूळच्या बंदुका करणाऱ्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीच्या नावाने, बी.एस.ए. म्हणून, त्याचे आटे ओळखले जातात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, आणि उजवीकडचे उलटे. ते उलटे का, तर पॅडल मारता मारता कप आपोआप सुटू नये म्हणून. सहावीत असताना तो कप मी सरळ समजून अर्धा तास ओढत होते, आणि आण्णा गालात हसत बघत होते. तर पुढे हलक्या चौकटी करायच्या नादात कंपन्यांनी हे आटे काढून टाकले आणि बेअरिंग नुसते दाबून बसवायला सुरुवात केली. भोकाचे माप केसाएवढे जरी चुकले तरी प्रत्येक पॅडलला कुरकुर. लोक इतके वैतागले की काही वर्षांनी अनेक ट्रेल बाइकवर जुने आटे परत आले. चेनच्या एका कडीपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच. आजोबांच्या सायकलीवर तेवढेच आणि बारा गिअरच्या सायकलीवरही तेवढेच, फक्त जाडी कमी झाली. पॅडलचे आटे नऊ सोळांश इंच, तेही कायम. म्हणजे जिथे पाय लागतो आणि जोर जातो, तिथे शंभर वर्षांत कुणाला फारसे हलता आले नाही.

चौकटीचे मात्र तसे नाही, आणि मला विचाराल तर खरी सुधारणा तिथेच झाली आहे. एका दुपारी कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट घेऊन मी आजोबांची सायकल मोजली. हँडलची नळी जमिनीशी करते तो कोन ६७ अंशांच्या आसपास भरला. शाळेच्या मुलांची रेंजर सत्तरच्या वर भरली. १९९० च्या दशकातल्या चांगल्या माउंटन बाइकही ७१ अंशांच्या असत. आणि आजच्या ट्रेल बाइक? ६४ ते ६६. म्हणजे फिरून आजोबांच्याही पलीकडे! नळी जितकी निजलेली, तितके पुढचे चाक माणसापासून पुढे. उतारावर दगड लागला तरी माणूस हँडलवरून पालथा होत नाही, आणि वेगात चाक बावरत नाही. कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या सायकलीला हेच हवे होते.

सीटची नळी मात्र दोघींची वेगळी. आजोबांच्या सायकलीत ती हँडलच्या नळीला जवळजवळ समांतर, मागे कललेली. माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसायचा आणि चढ आला की उतरून ढकलायचा. ट्रेल बाइकची सीट ७६-७७ अंशांवर, जवळपास उभी, म्हणजे खड्या चढावरही अंग पॅडलच्या वर राहते. एक नळी पुढे निजली, दुसरी उभी राहिली. मधले अंतर वाढले. म्हणून हँडल धरणारा बोळा आखूड केला की हात पुन्हा जागेवर. ज्याने हे सारे एकाच चौकटीत जमवले त्याला नमस्कार करावासा वाटतो.

या घराण्याचा मूळपुरुषही आमच्याच दुकानात शोभेल असा निघाला. कॅलिफोर्नियात टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुण १९७६ पासून एका कच्च्या रस्त्याने शर्यती लावू लागले. त्यांच्या सायकली म्हणजे भंगारातून उचललेल्या, तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या जड गाड्या. पॅडल उलटे दाबून लागणारा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला नवे भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीचे नाव 'रीपॅक' पडले. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने डोंगरासाठी खास चौकट बनवली. ग्रीस भरता भरता एवढे झाले, हे ऐकून आण्णांनी आपल्या ग्रीसच्या डब्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

फेब्रुवारीत त्या तरुणाच्या ओळखीने आणखी एक गाडी आली. कार्बनची चौकट, दाबून बसवलेले बेअरिंग, आणि कुरकुर. आण्णांनी तिला हात लावला नाही. हातोडीने बेअरिंग काढले तर चौकट जाईल हे त्यांना लगेच कळले. दाबायचे आणि ओढायचे हत्यार आपल्याकडे नाही असे सांगून त्यांनी चहा पाजला आणि गाडी परत पाठवली. संध्याकाळी दुकान बंद करताना मला म्हणाले, "ती हत्यारं कितीला पडत्यात, बग जरा."

मी यादी केली. बेअरिंग दाबायचा स्क्रू, चकतीचे ब्रेक भरायची नळी, दट्ट्यात हवा भरायचा पंप, पट्टी सरळ करायचा गज, षटकोनी चाव्या. एकूण रक्कम दुकानाच्या चार महिन्यांच्या भाड्याएवढी होते. दादाला फोनवर सांगितले तेव्हा त्याने विचारले, "महिन्याला असल्या किती गाड्या येणार?" मी खरे ते सांगितले: दोन, फार तर तीन. पन्हाळा-जोतिबाकडे सुट्टीला येणारे वाढले तर पाच.

ती यादी सध्या अॅटलसच्या डब्यांच्या फळीवर खिळ्याला लावलेली आहे. पंप आणि गज यांच्यापुढे आण्णांनी निळ्या पेन्सिलीने फुली मारली आहे. फुली म्हणजे घ्यायचे की वगळायचे, हे मी अजून विचारलेले नाही.