दोन वह्या

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी ज्याची अंघोळ होत नाही तो नरकात जातो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी साडेपाचच्या आत ज्याची अंघोळ उरकत नाही त्याचे आणखीही काही नुकसान होऊ शकते, हे मला 2016 सालच्या दिवाळीत कळले. चार वाजताच उठून मी स्वतः बंब पेटवला, स्वतः उटणे कालवले आणि तुळशीपुढे कारीट फोडून मोकळा झालो. सौभाग्यवती डोळे चोळीत बाहेर आली तेव्हा मी टॉवेलने डोके पुसत होतो. लग्नाला तीस वर्षे झाली, पण पहिल्या अंघोळीला मला कुणी हाक मारावी लागली नाही असे हे पहिलेच वर्ष. तिने माझ्याकडे पाहिले, मग माळ्याच्या जिन्याकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे आज तुमचं ते आहे वाटतं!"

'ते' म्हणजे माझा हौशी रेडिओ. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, घरात स्वतःचे बिनतारी यंत्र बसवायचे आणि जगभरच्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलायचे, असा हा छंद आहे. प्रत्येकाला एक चिन्ह मिळते. आपल्याकडच्या चिन्हांची सुरुवात बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होते. माणगावात आमच्या परसातल्या फणसापासून शेजारच्या आंब्यापर्यंत मी एक तार ताणली आहे. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, एवढ्यावरून आमच्या घरात जितके वाद झाले तितके इस्टेटीवरूनही कुणाकडे झाले नसतील.

त्या वर्षी योग मोठा विलक्षण जुळून आला होता. सीक्यू नावाच्या अमेरिकन मासिकाने 1948 साली एक जागतिक स्पर्धा सुरू केली. तिचा बोलण्याचा भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. तेथून अठ्ठेचाळीस तास. 2016 साली शनिवारी 29 तारखेला नरकचतुर्दशी, रविवारी लक्ष्मीपूजन आणि सोमवारी पाडवा. पहिल्या अंघोळीला सुरू होऊन पाडव्याच्या पहाटे संपायचे! पंचांग उघडून बसले असते तरी त्या अमेरिकनांना इतका चांगला मुहूर्त सापडता ना.

तुम्ही म्हणाल, बोलण्याची कसली आली आहे स्पर्धा? आमच्या आळीत अशा स्पर्धेला पुष्कळ लायक माणसे आहेत. पण येथे जो कमी बोलतो तोच जिंकतो. आपले चिन्ह सांगायचे, समोरच्याचे ऐकून घ्यायचे, मग दोघांनी एकमेकांना दोन आकडे द्यायचे, की संपले. पहिला आकडा आवाजाच्या स्पष्टतेचा. तो सगळेच 'फाइव्ह-नाइन' असा देतात. याचा अर्थ, तुमचा आवाज अगदी स्वच्छ आणि खणखणीत येत आहे. एवढे सांगून झाल्यावर तोच गृहस्थ विचारतो, "तुमचं चिन्ह पुन्हा सांगता का? ऐकू आलं नाही!" पूर्वी पत्रात 'येथील सर्व कुशल' असे लिहून मग खाली एकेकाचे आजार लिहीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा आकडा विभागाचा. या स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत, आपला बाविसावा. तेव्हा माणगावच्या माळ्यावरून मी दोन दिवस "फाइव्ह-नाइन, टू-टू" एवढाच जप करीत होतो. खाली सौभाग्यवती आल्यागेल्याला दडपे पोहे देता देता सांगत होती, "वर आहेत. अनुष्ठानाला बसलेत."

आता गुणांचा हिशेब सांगतो. कंटाळू नका, कारण पुढची सगळी गोष्ट या हिशेबाचीच आहे. दुसऱ्या खंडातला माणूस मिळाला तर तीन गुण. आपण आशियातले, तेव्हा आशियातल्या दुसऱ्या देशाचा माणूस मिळाला तर एक. आणि आपल्याच देशातला मिळाला तर शून्य! मात्र प्रत्येक बँडवर जितके वेगवेगळे देश आणि जितके वेगवेगळे विभाग मिळतील ते मोजायचे. त्यांना गुणक म्हणतात. गुणांची बेरीज करायची आणि गुणकांच्या बेरजेने तिला गुणायचे. गंमत अशी की, घरच्या माणसाशी बोलून एकही गुण पदरात पडत नाही; पण गुणकांत आपला देशही धरतात आणि आपला विभागही. तेव्हा त्या शून्य गुणांच्या माणसाने बाकीच्या साऱ्या गुणांची किंमत वाढते. संसाराचा हिशेब याहून चांगला कुणी मांडला असेल असे मला वाटत नाही.

आणि हे सगळे लिहून ठेवायचे. वही ठेवणे आमच्या परवान्याच्या 1978 सालच्या नियमांतच सांगितलेले होते. वेळ, बँड, चिन्ह, दिलेला आकडा, घेतलेला आकडा. पुष्कळ जण थेट संगणकावर नोंदी करतात. मी बांधीव वहीत शाईने लिहितो आणि मागाहून संगणकावर उतरवून पाठवतो. या वहीचा मला एकदा चांगला उपयोग झाला. 1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली, तेव्हापासून आमच्या बाजूला परसातली उंच तार म्हटली की लोक जरा बिचकत. एकदा एक हवालदार चौकशीला आले. मी परवाना दाखवला आणि वही पुढे केली. त्यांनी शांतपणे चार पाने उलटली. "एवढ्या देशांशी बोललात, बोललात काय?" मी म्हटले, "फाइव्ह-नाइन." त्यांनी वही मिटली, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "मास्तर, छंदच करायचा तर मासे धरा."

पण वहीची गोडी मला लागली ती अण्णांमुळे. माझे वडील अण्णा. बाजारात त्यांचे किराणा दुकान होते. गुडघे बोलेनासे झाल्यावर त्यांनी दुकान बंद केले, पण कीर्द बंद केली नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, औषधे, जे असेल ते रोज रात्री लिहीत. आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर ठेवून तिच्यावर 'श्री' काढीत. त्या वर्षी संध्याकाळी पूजेला बसताना त्यांनी मला माळ्यावरून खाली बोलावले. "तुझी वही आण. तीही हिशेबाचीच ना?" मी म्हटले, "अण्णा, स्पर्धा चालू आहे." ते म्हणाले, "लक्ष्मी अर्धा तास थांबते. तुझे साहेब थांबणार नाहीत?" माझ्या वहीवर हळदकुंकू पडले. तो अर्धा तास मी यंत्र बंद ठेवले. आजही त्या पानावर वेळेच्या रकान्यात तेवढी फट आहे.

पाडव्याला पहाटे साडेपाचला यंत्र बंद करून मी बेरीज केली. 204 संपर्क. त्यांत तीन गुणांचे 150, एक गुणाचे 48, शून्याचे 6. एकूण गुण 498. गुणक 110. गुणाकार 54,780. जगातले पट्टीचे स्पर्धक लाखांत आणि कोटींत खेळतात. पण आंब्या-फणसाच्या मधल्या एका तारेला हे काही कमी नव्हते. शिवाय सूर्यावरचे डाग त्या वर्षी ओसरत चालले होते. हे डाग पुष्कळ असले की वरचे वातावरण लांबच्या लहरी चांगल्या परतवते. कमी झाले की वरचे बँड निपचित पडतात. तेव्हा मिळाले ते देवाचे म्हणायचे.

त्यात एक मोती होता: आइसलंड! रविवारी दुपारी चारच्या सुमारास तो माणूस मिळाला. देश नवा, विभागही नवा; म्हणजे एका माणसात दोन गुणक. एका गुणकाची किंमत 498, तेव्हा दोहोंची जवळजवळ हजार. पण नेमके त्याच्या चिन्हाचे शेवटचे अक्षर लाटेने गिळले. पुन्हा विचारले, पुन्हा गिळले. कानात उरला एक अनुनासिक हुंकार. तेवढ्यात तो दुसऱ्याकडे वळला. मी 'एम' लिहिले आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.

नोंदी पाच दिवसांच्या आत, म्हणजे 4 नोव्हेंबरपर्यंत पाठवायच्या होत्या. भाऊबीजेच्या रात्री सारे निजल्यावर मी वही संगणकावर उतरवायला बसलो. त्या प्रश्नचिन्हाशी आलो आणि आठवले की, मुंबईहून आलेल्या माझ्या मुलाने रविवारी गंमत म्हणून यंत्राशेजारी मोबाइल ठेवून तासभर सगळे ध्वनिमुद्रित केले होते. ते त्याने माझ्या संगणकावर टाकलेही होते. हेडफोन लावून दहा वेळा ऐकले असते तर अक्षर खात्रीने सापडले असते.

पण नियम स्पष्ट होता. स्पर्धा संपल्यावर ध्वनिमुद्रण ऐकून, यादी पाहून किंवा कुणाला विचारून चिन्ह दुरुस्त करायचे नाही. त्या वेळी कानांनी जे ऐकले तेच खरे. एकाच बँडवर एकाच माणसाशी चुकून दोनदा बोलला असाल तर तीही नोंद पुसायची नाही. तिचा गुण मिळत नाही, पण ती ठेवायची, कारण समोरच्याच्या वहीत ती असेल. तिकडे हजारो स्पर्धकांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहतात. माझ्या वहीत तो आहे. त्याच्या वहीत मी आहे का? नसलो तर माझा संपर्क बाद, आणि वर दंडाचे गुण कापले जातात. चिन्ह चुकले तरी तेच. मात्र मी माळ्यावर हेडफोन लावला की नाही, हे कोणत्याही वहीत सापडणार नव्हते.

मी हेडफोन हातात घेऊन किती वेळ बसलो होतो कोण जाणे. जिन्याखालून अण्णांचा आवाज आला. "अरे, दिवा अजून कसा?" खाली जाऊन मी त्यांना सगळे सांगितले. त्यांना आइसलंड कोठे आहे ते ठाऊक नव्हते, पण येणे-देणे पक्के ठाऊक होते. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "एका दिवाळीला खोऱ्यातला एक कुळवाडी हिशेब करायला आला. भात विकून आला होता. माझ्या वहीत त्याच्या नावावर तांदळाची एक गोण जास्त होती. त्याच्या वहीत नव्हती. मी शपथेवर सांगतो, गोण त्याने नेली होती."

"मग?"

"मग काय! जे दोन्ही वह्यांत असतं तो व्यवहार. एकाच वहीत असतं ती आपली आठवण. आठवणीचे पैसे कसे मागायचे?"

"मग नोंद खोडलीत?"

"छे! खोडली की वहीच खोटी झाली. तशीच ठेवली. तोटा झाला तो एका गोणीचा. वही खोटी झाली असती तर सगळ्या दुकानाचा."

मी वर गेलो. ते ध्वनिमुद्रण न ऐकताच पुसून टाकले आणि 'एम' लिहून नोंदी पाठवून दिल्या. फार मोठा त्याग केला असे काही वाटले नाही. उलट रुखरुखच लागली, आणि झोप लागेपर्यंत मी अण्णांवर थोडा चिडलेलाच होतो.

माघात अण्णा गेले. निकाल लागून तपासणीचा अहवाल माझ्याकडे आला तो त्यानंतर. अपेक्षेप्रमाणे आइसलंड बाद होता; दोन्ही गुणक गेले, वर दंड बसला. जे चिन्ह चुकले त्याच्यापुढे बरोबर चिन्ह लिहिलेले असते. तेथे 'एम'च्या जागी 'एन' होते. एवढ्याच एका अक्षरासाठी मी ती रात्र जागलो होतो!

त्या संध्याकाळी कुठलेसे औषधाचे बिल हवे होते म्हणून मी अण्णांची शेवटची वही काढली. शेवटची अशी ती मी आजवर उघडलीच नव्हती. पाने चाळता चाळता 'कार्तिक शु. 2, शके 1938' या तारखेपाशी आलो. भाऊबीजेची रात्र. दुधाचे पैसे, ओवाळणीचे पैसे, आणि त्यांच्याखाली थरथरत्या पण वळणदार मोडीत, जी वाचायला मला थोडा वेळ लागला, एक ओळ: "आइसलंडवाले यांजकडून येणे: अक्षर 1. चिरंजीवांनी मागितले नाही."

मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो. मग टाक शोधला. शाई वाळून गेली होती, तेव्हा माझेच पेन घेतले. जुन्या ओळीला हात लावला नाही. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली नवी ओळ लिहिली: "आइसलंडवाले यांजकडून आले: अक्षर 1, 'न'. जमा."

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने परसातला फणस पाडला आणि तारही नेली. मी दुसरी ताणली. ऑक्टोबरच्या शेवटी मी अजूनही माळ्यावर जाऊन बसतो. लक्ष्मीपूजनाला पाटावर आता दोन वह्या असतात. एक माझी, दर वर्षी नवी. दुसरी जुनीच, तिच्यात कुणाचे काही येणे उरलेले नाही. सौभाग्यवती दोहोंवर हळदकुंकू वाहते आणि मला म्हणते, "जा आता वर. साहेब खोळंबले असतील."