मखराचं विमान

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशी माणूस एवढा, की गणपती आमचा आणि पतंगांची उत्तराण गुजरात्यांची अशी वाटणी कधी झालीच नाही. आम्हा पोरांना दोन्ही सण हवे असत. विसर्जन आटोपलं की मखराचं थर्मोकोल आमच्या ताब्यात येई, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याची विमानं होत.

ब्लेडने पंख कापायचा, अंगाच्या पट्टीला खाच पाडून तिच्यात सरकवायचा, मागे शेपूट. दिसायला झकास! पण हातातून सुटलं की नाक वर, क्षणभर अधांतरी, मग शेपटीवर धप्प. पंख नीट कापला नाही, असंच जो तो म्हणे.

उत्तर मिळालं ते चाळीतल्या गुजराती काकांकडून, आणि त्यांचा विषय पतंग. डबगरवाडाच्या बाजारातून आणलेला पतंग ते आधी बोटावर आडवा तोलून बघत. एक बाजू झुकली की दुसऱ्या बाजूच्या कमानीला कागदाची चिंधी. मगच किन्ना, म्हणजे कन्नी, बांधत. माझं विमानही त्यांनी तसंच बोटांवर घेतलं, अंगालगत दोन्ही पंखांखाली एकेक बोट. शेपूट खाली गेलं. ‘नाक हलकं आहे रे,’ एवढंच म्हणाले.

नाकाला लावायला घरात शाडू होता. पंखाची रुंदी पुढच्या कडेपासून मोजायची आणि तिच्या पाव ते एक तृतीयांश भागात कुठेतरी तोल आणायचा, हे पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा मात्र चिमूटचिमूट शाडू लावत, फेकून बघत तिथवर पोचायचो. संध्याकाळी सरळ गेलेलं विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपटीवर पडायचं. का, ते आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं. शाडू वाळला, पाणी उडालं, वजन घटलं. लूमवरच्या कामावरून आल्यावर त्यांनी खिशातून एक वायसर काढलं आणि म्हणाले, ‘हे नाही वाळत.’

खरी परीक्षा डुमसच्या किनाऱ्यावर. ओहोटीला समुद्र लांब मागे सरतो आणि काळ्या वाळूचं पटांगण मोकळं होतं. वाऱ्याकडे तोंड करून, नाक जरासं खाली ठेवून, विमान नुसतं सोडायचं. जोर लावणाऱ्याचं हमखास उलटायचं. नाक फार जड झालं तर विमान सरळ वाळूत घुसे, पण ते परवडलं. शेपटीला जड असलेलं कुठे जाईल याचा भरवसाच नाही.

पुढे वाचनात जॉर्ज केली आला. या इंग्रजाने १८०४ साली काठीवर चक्क पतंग बसवला, मागे शेपूट जोडलं आणि तोल जुळवायला पुढे सरकवता येईल असं वजन लावलं. राइट बंधूंनीही १८९९ साली सुरुवात पतंगानेच केली. आमचे काका यातलं काहीच वाचलेले नव्हते, पण माझ्या लेखी ते याच घराण्यातले.

यंदा दिवाळीत घरी नवा टीव्ही, मिक्सर आला तर खोक्यातलं थर्मोकोल भंगारात देऊ नका. घरातल्या पोरांच्या हाती ठेवा, सोबत एक वायसर द्या, आणि ते शेपटीला नाही, नाकाला लावायचं, एवढंच सांगा.